दूध कुणाच्या नावावर

बारामती,
१२ जानेवारी २०२५

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून परदेशी गेलेल्या माझ्या लेकींनो,

तुमच्या कमाईचे पैसे गावात पोचतात तेव्हा त्यांचं नाव बदलतं. बँकेत ते परकीय चलन होतात, घरात मुलाच्या गाडीचे पैसे होतात, आणि गाव म्हणतं, अमक्यानं स्लॅब टाकला. तुमचं नाव त्यांच्यावर कुठंच उरत नाही. ही तुम्हा सगळ्यांची तक्रार आहे. तुमच्यापैकी एकीनंही ती आजवर मोठ्यानं केलेली नाही, म्हणून मी करते आहे.

मी सुधाबाई. तुमच्यापैकी बहुतेकींना मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण गप्प बसण्याचं वय झालं असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत बारामतीत एक मोठी सभा आहे. त्यात मला देशाच्या श्रम-उत्पादकतेवर बोलायचं आहे. दर अहवालात एकच रडगाणं असतं की आपला माणूस तासाला कमी पिकवतो, कमी घडवतो. मग मला सांगा, इथल्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणारी आमची परिचारिका विमानातून उतरल्या दिवसापासून कित्येक पटींनी मोलाची कशी होते? तिचे हात तर तेच असतात. फरक तिच्या हातांच्या मागे काय उभं आहे त्यात आहे. तिथं माणूस उचलायला यंत्र आहे, ठरलेले तास आहेत, सही केलेला करार आहे. आमच्याकडे तिच्या मागे फक्त "कर गं पटकन" असं म्हणणारं कुणीतरी उभं असतं.

माझं म्हणणं आहे की तुमचा पैसा हे बियाणं आहे. तो घरात पडला की घर कामाला लागतं. वडगाव निंबाळकरच्या ओवीनं पाठवलेल्या पैशातून उभा राहिलेला गोठा हे माझं पहिलं उदाहरण असेल. तुमचीही लिहा. मी फोनवर बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, फोनवर माणूस नुसतं "बरं आहे" म्हणतो. कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा.

तुमची,
सुधाबाई

---

जर्मनी,
२६ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमचं पत्र आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं. निरवांगीची एक जण म्हणाली, "बाईंनी वर्गातल्यासारखं उभं केलं."

माझ्या कामाबद्दल लिहिते. मी वृद्धाश्रमात आहे. इथली परीक्षा पास होईपर्यंत मदतनीस म्हणून, मग परिचारिका म्हणून. प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे मिनिटं ठरलेली असतात. अंघोळीची वेगळी, भरवण्याची वेगळी. वेबर आजी म्हणून एक आहेत, त्या घास तोंडात धरून ठेवतात आणि मला त्यांच्या मुलाचं नाव विचारतात. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. मी त्यांच्याजवळ जास्त थांबले तर माझं काम मंद आहे अशी नोंद होते. तुमची उत्पादकता इथं अशी मोजतात, बाई. मी तक्रार करत नाही. पगार वेळेवर होतो आणि कुणी आवाज चढवत नाही.

गोठ्याचं म्हणाल तर पाच गाई आहेत. मुक्त गोठा केलाय, म्हणजे गाई दावणीला बांधायच्या नाहीत, मोकळ्या फिरतात. मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा मुरवून साठवायचा, खड्डाही केला. मी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते की दोन वर्षं पैसे पाठवायचे, गोठा उभा करायचा आणि परत येऊन धाकट्या भावाबरोबर, मोहितबरोबर, तो चालवायचा. ऑगस्टमध्ये दोन वर्षं पुरी होतात.

एक गंमत सांगते. आमच्या वस्तीवरच्या दूध संस्थेत दूध घातलं की किती लिटर, काय फॅट, त्याचा मेसेज येतो. सभासदाचा कोड बाबांच्या नावावर आहे, पण फोन नंबर माझा दिलेला आहे. बँकेसाठी भारतातलं सिम चालू ठेवलंय, त्यामुळे आई रोज दूध घालून आली की मला इथं कळतं. माझी दुपारची सुट्टी आणि आईची संध्याकाळची धार एकाच वेळी येतात. हल्ली लिटर कमी दिसतात. मोहित म्हणतो, "ताई, बाकीचं बारामतीत रतिबाला देतोय, तितं दर चांगला हाय." मला बरं वाटलं, पोरगं डोकं चालवतंय. पण फोटो मागितला की गोठ्याऐवजी स्वतःचाच पाठवतो, गॉगल लावून! बाई, कधी त्या बाजूला गेलात तर माझ्या गाई बघून याल का?

तुमची,
ओवी

---

बारामती,
३ मार्च २०२५

चि. ओवी,

सभा झाली. उभं राहायला जागा नव्हती. बँकेचे लोक होते, कारखान्यातले होते, दोन्ही तालुक्यांतून बायका आल्या होत्या. मी तुझ्या गोठ्याचं सांगितलं. म्हटलं, "या पोरीनं पैसा पाठवला नाही, काम पाठवलं!" टाळ्या थांबेनात.

तुझ्या वडिलांना मंचावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. दोन शब्द बोला म्हटलं तर हिंदुरावांनी नुसते हात जोडले आणि मान खाली घालून बसले. किती साधा माणूस! मोहितनं सगळं मोबाईलवर घेतलंय, तुला पाठवलं असेल. तुझी आई आली नव्हती. "संध्याकाळचं दूध घालायचं असतं," असं हिंदुराव म्हणाले. मी तेही भाषणात घातलं. म्हटलं, ही बाई सत्काराला येत नाही, कारण तिला काम आहे.

तुझ्याकडे जायचं राहिलं, सभेच्या धावपळीत जमलं नाही. पण तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. इतक्यात परतू नकोस. पाचाच्या पंधरा गाई होऊ देत, दूध थंड ठेवायची टाकी येऊ दे. तिथं थांबलीस तर इथं आणखी दोघांना काम मिळेल. एका माणसाच्या मनापेक्षा हे मोठं आहे, आणि तुला ते कळतं म्हणूनच लिहिते.

तुझी,
सुधाबाई

---

जर्मनी,
१६ मार्च २०२५

आदरणीय बाई,

बाबांचा शालीतला फोटो पाहिला. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

इथल्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाईंनी मला आणखी तीन वर्षांचा करार दिलाय. एप्रिल संपायच्या आत सही करायची किंवा नाही म्हणायचं. बाबा म्हणतात थांब, मोहित म्हणतो थांब. तुम्हीही थांब म्हणालात. आई काहीच म्हणत नाही. तिला विचारलं की "जेवलीस का" एवढंच विचारते.

बाई, मी इथं राहण्यासाठी आले नव्हते. मागच्या आठवड्यात वेबर आजी गेल्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला आणि मलाच विचारत होता, "ती शेवटी काय म्हणाली?" त्याला काय सांगायचं? मला माझ्या आईच्या बाबतीत असं कुणा परक्या पोरीला विचारावं लागू नये.

पण नुसतं मनात आहे म्हणून परत आले आणि घरावर ओझं होऊन बसले, असंही मला नको. म्हणून तुम्हाला एकच विनंती. एकदा घरी जाऊन गोठा डोळ्यांनी बघा आणि सांगा, त्यात आणखी एका माणसाचं पोट निघेल का? निघत असेल तर मी येते. नसेल तर सही करते. तुम्ही लिहाल ते मी धरीन.

ओवी

---

बारामती,
११ एप्रिल २०२५

चि. ओवी,

काल वडगावला जाऊन आले. रात्री दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. आता जसं पाहिलं तसं लिहिते.

गोठा उत्तम आहे. पत्रा चांगला, गव्हाण सिमेंटची, पाण्याची टाकी भरलेली. आत एक नवी गाडी उभी होती, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि कॅरमचा बोर्ड. मोहित आणि त्याचे दोन मित्र खेळत होते. गाई नाहीत, ओवी. एकही नाही. मुरघासाच्या खड्ड्यात पालापाचोळा पडलाय.

मी विचारलं, "मोहित, गाई कुठं आहेत?"

तो उठला, खुर्ची पुढे केली. "बसा की बाई. चहा सांगतो."

"गाई कुठं आहेत?"

"गेल्या वर्षी एकीची कास सुजली, ती दिली. मंग दुसरी. गडी ठिवला हुता बिहारचा, त्यो बी गेला, एमआयडीसीत जास्ती मिळतंय म्हणून. मंग शेण कोण काढणार? ताई पाठवतीया त्यात घर भागतंय. आन् बाई, गाईपरीस गाडीला मागणी हाय. भाड्यानं दिली की बसून पैसा."

"किती वेळा दिलीस भाड्यानं?"

त्याचा एक मित्र फिसकन हसला. मोहित त्याच्यावर ओरडला, "तुला काय झालं रं दात काढायला?"

हिंदुराव ओट्यावर बसले होते. मी जवळ गेले तर उठून उभे राहिले, जणू मी त्यांना परत मंचावर बोलावणार होते. म्हणाले, "बाई, तुमी शाल घातली तवा जमीन फाटंल तर बरं वाटलं. पर तुमी लई जोरात बोलत हुता. मधी कसं बोलणार?"

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.

आणि मग तुझी आई आली. हातात किटली, भरलेली. मी म्हटलं, "भामाबाई, हे दूध कुठलं?" त्यांनी किटली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रंगूबाईचं."

शेजारच्या रंगूबाईकडून त्या दोन्ही वेळा दूध विकत घेतात, ते संस्थेत नेतात आणि तुमच्या कोडवर घालतात. का, ते मी विचारलं.

"पोरीला मेसेज जातुया बाई. त्यो बंद झाला तर ती तितं जेवायची न्हाय. परक्या मुलखात हाय ती, येकटी."

"किती दिवस चाललंय हे?"

"शेवटची गाय गेली तवापासनं."

"आणि कधीपर्यंत चालवणार?"

"ती हाय तितं खुशीत हाय म्हणती. तितं हाय तवर." मग माझा हात धरला. "तुमी लिवू नगा. तुमच्या पाया पडते."

मी शब्द दिला नाही. देता आला नाही. आणि म्हणून हे लिहिते आहे.

ओवी, मी तीस वर्षं पोरांना शिकवलं की श्रमातून संपत्ती निर्माण होते. तुझी आई पहाटे उठते, दूध आणायला जाते, संस्थेच्या रांगेत उभी राहते, घालून येते, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. देशाच्या हिशोबात हे काम बसेल, दूधही बसेल. पण या सगळ्यातून जगात एक थेंब जास्त दूध आलेलं नाही. ते दूध रंगूबाई घालणारच होती. तुझ्या आईचे सगळे कष्ट एका मेसेजपुरते आहेत. दुसरीकडे एक धडधाकट पोरगा खुर्चीत बसलाय. तू जर्मनीत परक्यांच्या आईला धुतेस, बिहारचा माणूस येऊन तुझ्या गाई धूत होता, आणि मधल्या रिकाम्या जागेत मोहित कॅरम खेळतोय. तुझा पैसा बियाणं आहे, असं मी ओरडून सांगितलं. तो बसायची खुर्ची झालाय. मी गोठा न पाहता गोठ्यावर बोलले, आणि त्याच जोरावर तुला थांब म्हणाले. ते मागे घेते.

तू विचारलंस, आणखी एकाचं पोट निघेल का. आज त्या गोठ्यात कुणाचंच निघत नाही. पण या कारणानं सही करू नकोस. सही केलीस तर हीच खुर्ची तू आणखी तीन वर्षं भाड्यानं घेशील. पुढच्या महिन्याचे पैसे पाठवू नकोस. घर जागं होऊ दे.

सुधाबाई

---

वडगाव निंबाळकर,
१४ एप्रिल २०२५

चिरंजीव ओवी हिला आईचा आशीर्वाद.

वृषाली लिवतीया, मी सांगतीया. मी जसं बोलन तसंच लिव म्हणलंय तिला. रंगूबाईची सून ही, अक्षर चांगलं हाय तिचं.

सुधाबाई येऊन गेल्या. जाताना म्हणल्या, पोरीला पैसं थांबवाय सांगते. त्या लिवणारच, मला ठावं हाय. त्येंच्या तोंडाला आवर न्हाय, पर मन खोटं न्हाय. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळण्याआधी मी सांगावं म्हणून ह्ये पत्र. फोनवर मला बोलाय आलं नसतं. तू "आई" म्हणलीस की माझं समदं इसरायला हुतं.

गाई न्हाईत बाळा. तुझी तांबडी सगळ्यात शेवटी गेली. न्हेताना ती टेंपूत चढंना. मी घरात जाऊन बसले. न्हाय म्हणाय पायजे हुतं, पर माझ्या न्हाय म्हणण्याला कोण इचारतंय? कोड तुझ्या बाच्या नावावर, खातं त्येंच्या नावावर, कार्ड मोहितच्या खिशात. माझ्या नावावर धार काढणं तेवढं हुतं. गाई गेल्या, ते बी गेलं.

मेसेजाचं म्हणशील तर, तू येकदा म्हणली हुतीस, "आई, तुझा मेसेज आला की मला वाटतं तू हाक मारलीस." आता सांग, हाक कशी बंद करू?

मोहितवर लई रागवू नगस. त्यो वाईट न्हाय. सकाळी उठाय त्येला कारण न्हाय. तू पैसं थांबवलंस तर पयलं तुझ्या बाच्या बीपीच्या गोळ्या थांबतील, मोहितची गाडी न्हाय थांबायची. ते तुमच्या बाईंना कळत न्हाय. पर तू ये. म्या आजवर कवा तुला ये म्हणलं न्हाय, कारण तू आलीस आन् हितलं बघून मोडलीस तर, ह्ये भ्या हुतं. आता तुला समदं ठावं झालं, मंग कशाचं भ्या? ये. भाकरी कमी पडायची न्हाय.

तुझी आई,
भामाबाई

ओवीताई, काकू उठून गेल्या, आता हे माझं मी लिहिते. त्यांना सांगू नका. आमच्या दुधाचे पैसे काकू रोजच्या रोज रोख देतात. सासूबाई नको म्हणतात, पण त्या ऐकत नाहीत. तुम्हाला वाटत असेल तुम्ही पाठवता त्यातून देतात. त्यातला रुपया त्यांच्या हाताला लागत नाही. दूध घातलं त्याचं बिलसुद्धा काकांच्या खात्यावर जातं आणि मोहितदादा काढतात. काकू दुपारी खालच्या मळ्यात भेंडी तोडायला जातात. त्या रोजातून दूध घेतात. भेंडीनं बोटं सोलतात, म्हणून हल्ली व्हिडिओ कॉलवर हात पदराखाली ठेवतात.
— वृषाली

---

बारामती,
४ मे २०२५

चि. ओवी,

एप्रिल संपला. तुझं काही नाही. सही केलीस का, तेही ठाऊक नाही. माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे, पण लिही.

सुधाबाई

---

जर्मनी,
११ मे २०२५

आदरणीय बाई,

रागावले होते. तुमच्यावर कमी, माझ्यावर जास्त. मेसेज रोज बघत होते आणि आईच्या हातांकडे एकदाही बघितलं नाही.

सही केली नाही. इथल्या बाईंनी दोनदा विचारलं, पगार वाढवून देते म्हणाल्या. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मी ऑगस्टमध्ये येते आहे.

तुमचं एक ऐकलं नाही. पैसे थांबवले नाहीत, रस्ता बदलला. आईचं एक जुनं खातं होतं, त्याला मोहितचा नंबर जोडलेला होता. वृषालीनं तिला बँकेत नेऊन तो बदलून घेतला. आता पैसे तिथं जातात. बाबांच्या गोळ्या त्यातून येतात.

मग मी मोहितला फोन केला. तो एकदम म्हणाला, "ताई, मी सांगणारच हुतो."

"कधी?"

तो माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला. मी म्हटलं,

"उद्यापासनं सकाळचं दूध घालायला तू जायचंस."

"कुठलं दूध? आपल्या गाई—"

"ज्या गाईचं आई घालते, त्याच गाईचं. रंगूकाकूंकडून आणायचं, रांगेत उभं राहायचं, घालायचं. आणि त्याचे पैसे तू द्यायचेस, तुझ्या कमाईतून."

"ताई, त्यात काय राम हाय? घेतलेलं दूध परत घालायचं?"

"आई इतके महिने घालतीय. तिला विचार काय राम आहे."

त्यानं फोन ठेवला. तीन दिवस मेसेज आला नाही, बाई. त्या तीन दिवसांत मला कळलं की आई म्हणत होती ते खरं होतं. मला घास जात नव्हता. तरी मी आईला सांगितलं होतं, तू जायचं नाहीस. चौथ्या दिवशी आला. आईनं नंतर सांगितलं, "मोहित गेला हुता. रांगंत बाया हसल्या त्येला. आला आन् काय न बोलता गाडी पुसली आन् इकायची जायरात टाकली." हे किती टिकेल माहीत नाही. मी फार आशा धरत नाही.

गाडी विकली गेली तर दोन गाई घेऊ. दोनच. मी इथून साठवलेले थोडे आहेत. पण माझी एक अट आहे आणि ती मी बाबांना सांगितली. गाई आईच्या नावावर आणि संस्थेतला कोडही आईच्या नावावर. जी धार काढेल तिच्या खात्यावर बिल. बाबांनी अट दोनदा परत विचारून घेतली. मग म्हणाले, "शाल घ्याय मी पुढं झालो, सही कराय बी हुतो."

ते स्वतः संस्थेत गेले. सचिव म्हणाले, "मालक हयात असताना बाईच्या नावावर कोड करायची पद्धत न्हाय." आणि कुणीतरी मागून बोललं, "हिंदुराव, म्हातारपणी वाटणी झाली का काय घरात?" सगळे हसले. बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. शेवटी सचिवांनी एवढंच कबूल केलं की वार्षिक सभेत विषय घ्या, सभासद म्हणतील तसं.

बाई, तुम्ही तिथं बोलाल का? पण या वेळी आधी आमच्या घरी या. आईशी बोला, रांगेतल्या बायकांशी बोला, मग बोला. मी तेव्हा तिथं असेन.

तुमची,
ओवी

---

वडगाव निंबाळकर,
१४ सप्टेंबर २०२५

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत रोज दोन वेळा धार काढणाऱ्या बायांनो,

तुम्ही काढलेलं दूध दुसऱ्याच्या नावावर पडतं. ही तुमची तक्रार आहे. तुम्ही ती एकमेकींपाशी रांगेत करता, हळू आवाजात, किटली पुढे सरकवत. गेले पंधरा दिवस मी, सुधाबाई, वडगावच्या वस्तीवर राहिले आणि तिथल्या दुधाच्या रांगेत उभी राहिले, म्हणून मला ठाऊक आहे. एक जण म्हणाली, "कोड मालकाचा, शेण माझं." तिनं माझ्या साऱ्या भाषणांचं काम एका वाक्यात केलं.

फेब्रुवारीत याच तालुक्यांतल्या लोकांसमोर मी मोठ्यानं बोलले होते की परदेशातून पैसा आला की घर कामाला लागतं. ते चुकीचं होतं. पैसा जर काम करणाऱ्याच्या हातात पडला नाही, तर घर कामातून उठतं. लांबून पाठवणारी राबत राहते, इथं घरातली राबत राहते, आणि मधल्या हाताला सवय लागते ती नुसती घेण्याची. हे एका घराचं दुखणं नाही. देशातला माणूस तासाला कमी का पिकवतो, असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी बघा, पिकवणाऱ्याच्या हातात काय दिलंय. जिच्या कामाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, तिला नवी गाय घ्या, चारा बदला, यंत्र आणा म्हणून कोण सांगणार, आणि ती कशाच्या जोरावर घेणार? ती घरात विचारू शकते. ठरवू शकत नाही. ज्याला ठरवता येतं त्याला पहाटे उठायचं नसतं.

ओवी परत आली आहे. नोकरी सोडून आली, म्हणून गावात कुजबुज आहे. "तितलं सोडून शेणात हात घालाय आली," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. तिच्या गोठ्यात दोन गाई आहेत. एक मारकी आहे. मोहित सकाळी उठतो, संध्याकाळी कधी उठतो, कधी नाही, आणि त्यावरून घरात भांडणं होतात. मी ते झाकत नाही. भामाबाईंनी भेंडी तोडणं सोडलं आहे. पण आजही त्या घरच्या गाईचं दूध नेतात तेव्हा सचिव विचारतात, "कोड?" आणि त्या स्वतः काढलेल्या दुधावर नवऱ्याचं नाव सांगतात.

पद्धत नाही, असं संस्था म्हणते. पद्धत कुणी पाडली? जे रांगेत कधी उभे राहिले नाहीत त्यांनी. हिंदुराव स्वतः सभेत उभे राहणार आहेत. ज्यांना हसायचं असेल त्यांनी पुन्हा हसावं, पण त्यांच्या शेजारी तुम्ही उभ्या असाल तर हसणाऱ्याला आपल्या घरी काय जेवायला मिळेल याचा विचार करावा लागेल.

रविवारी, २८ सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजता वडगावच्या वस्तीवरच्या दूध संस्थेची वार्षिक सभा आहे. नवरात्र आहे, उपवास आहेत, घटाला पाणी घालायचं आहे, हे मला माहीत आहे. ते सगळं उरकून या. सभासद नसलात तरी या, दारात उभ्या राहा. ज्यांचा नवरा सभासद आहे त्यांनी त्याला बरोबर आणा. विषय पुकारला जाईल तेव्हा माझ्याकडे बघू नका, मी बोलणार नाही. तुम्ही उभ्या राहा, हात वर करा आणि आपलं पूर्ण नाव सांगून म्हणा, "धार मी काढते, कोड माझ्या नावावर करा."